कृष्णाकाठचे चढ

कुरुंदवाड मागं पडलं की रस्ता उसात शिरतो. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, त्याला पांढुरके तुरे आलेले, मधून डांबराची चिंचोळी पट्टी, आणि नजर पोचेल तिथवर सगळं एका पातळीत. मार्गशीर्षातली सकाळ होती. नदीकडून आलेलं धुकं उसाच्या पाल्यात अडकलं होतं आणि पाल्यावरून थेंब टपटपत होते. माझ्यापुढं थोड्या अंतरावर एक दूधवाले सायकलवरून चालले होते. कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, हँडलला एक किटली, डोक्याला मफलर गुंडाळलेला. आमचा वेग जवळजवळ सारखाच होता, त्यामुळं बराच वेळ त्यांच्या चेनचा आवाज मला सोबतीला होता. मग एका जागी ते उतरले. तिथं खड्डा नव्हता, गतिरोधक नव्हता, वळण नव्हतं, समोरून ट्रॅक्टरही येत नव्हता. एक हात हँडलवर आणि दुसरा सीटवर ठेवून ते सायकल ढकलत चालू लागले. मी त्यांना ओलांडून पुढं गेले. मान वळवून बघितलं, तर एका पिंपळापाशी पोचल्यावर त्यांनी टांग टाकली आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

घडलं ते एवढंच. पण ते मनातून जाईना. माणूस दमून उतरला असं म्हणावं, तर पिंपळापासून पुढं तो माझ्यापेक्षा जोरात निघाला होता. पुढच्या गावात चहाला थांबले तेव्हा ते तिथल्या डेअरीत दूध घालून आलेच. मी विचारलं, "काका, मघाशी तिथं उतरलात ते का?" त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या सायकलकडं. म्हणाले, "तितं चढ हाय न्हवं." मी म्हटलं, मला तर काही लागला नाही. "तुमास्नी न्हाई कळायचा ताई. तुमच्या गाडीवर वझं कुठाय? कॅन भरल्यालं असलं की कळतोय. रिकामं जाताना मला बी काय वाटत न्हाई."

परतताना मी त्या जागेवर मुद्दाम हळू आले. पायडल मारायचं थांबवलं. सायकल पिंपळापासून आपोआप पुढं सरकत राहिली.

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर पुण्यात आले आणि पुण्यातल्या चढांनी आणि वाहनांनी माझी सायकल सोडवली. आता मुलं मार्गी लागल्यावर दर हिवाळ्यात भावाकडं जाते तेव्हा त्याच्या पोर्चमधली जुनी, बिनगिअरची सायकल काढते, हवा भरून घेते आणि कृष्णेच्या काठानं निघते. जायचं कुठं हे ठरलेलं असतं, पोचायचं कधी हे नसतं. पाण्याची बाटली, भाकरी-पिठलं, एक शाल, पंक्चरचं सामान. एखाद्या गावात ओळखीचं कुणी निघालं तर मुक्काम, नाहीतर संध्याकाळच्या एसटीच्या टपावर सायकल टाकता येते का ते विचारायचं. आमच्या लहानपणी सांगली सायकलींचं गाव होतं. शाळेतल्या मुली, गिरणीतले कामगार, कॉलेजचे प्राध्यापक, भाजी घेऊन येणारे माळी, सगळे सायकलवर. गावाला चढच नव्हता, त्यामुळं गिअर नावाची वस्तू आम्ही फक्त स्कूटरला बघितलेली. मी अर्ध्या पायडलवर सायकल शिकले, दांडीखालून पाय घालून, आयर्विन पुलावर.

त्या पुलाशिवाय सांगलीकराचं पावसाळ्यातलं बोलणं सुरू होत नाही. 1929 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला, आणि तेव्हापासून तो गावाला दोन्ही काठ जोडून देतो तसं नदीचं मापही देतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. ऑगस्ट महिन्यात पुण्याहून फोन केला तर आई आधी तब्येतीचं काही सांगायची नाही. "आयर्विनला एकोणचाळीस झालंय, कोयनेतनं सोडलंय," हे पहिलं वाक्य. आम्ही भावंडं फुटांमध्येच मोठी झालो. कुठल्या फुटाला कुठली गल्ली, कुठल्या फुटाला दत्तनगर, कुठल्या फुटाला मारुती रोड, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ झालं. तरीही त्या दूधवाल्या काकांना भेटेपर्यंत हे फूट मला कधी पायांत जाणवले नव्हते. ते पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे होते.

सांगलीतून बाहेर पडायचं तर मी हरिपूरचा रस्ता आधी घेते, तो माझ्या वाटेवर नसला तरी. दोन्ही बाजूंना चिंचेची जुनी झाडं, त्यांच्या सावलीत दुपारीसुद्धा गारवा. हिवाळ्यात चिंचा भरत आलेल्या असतात आणि पोरं दगड मारत उभी असतात. रस्ता संपतो तिथं संगमेश्वराचं देऊळ आणि घाट, आणि पलीकडून वारणा येऊन कृष्णेला मिळते. कृष्णा इथं रुंद, संथ, जराशी गढूळ. वारणा थोडी निवळ. दोन्ही पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतात आणि मग त्यातलं कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही. घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, धोपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावर आपटून परत येतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल या गावचे. संगमावर बसलं की वाटतं, इथं वाढलेल्या माणसाच्या कानाला लय लागली नसती तरच नवल.

हरिपूरची दुसरी गोष्ट हळदीची. इथल्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल, आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी पेवं खणलेली होती. त्यात हळद भरून तोंड बंद केलं की ती वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, कारण आत हवाच राहायची नाही. पेव उघडल्यावर काही तास कुणी आत उतरायचं नसे, नाहीतर जीव जायचा. अशी माती सगळीकडं मिळत नाही. पाणी झिरपू न देणारी ही जागा कुणी तरी पिढ्यान् पिढ्या बघून, खणून, फसून शोधून काढली असणार. 2005 च्या पुरात पाणी वरून, तोंडातून आत शिरलं आणि कितीतरी पेवं हळदीसकट गेली. नंतर ती फारशी कुणी पुन्हा भरली नाहीत. आता गोदामं आणि शीतगृहं आहेत. हरिपुरात फिरताना पायाखाली अजून पोकळ्या असतील असा विचार येतो, आणि एखाद्या जुन्या परसातून हळदीचा तो मातकट, किंचित कडवट वास आला की मी थांबतेच.

तिथून परत येऊन कोल्हापूर रस्त्यानं अंकलीचा पूल ओलांडायचा. हा तुकडा मला आवडत नाही. ट्रक, धूळ, हॉर्न. मान खाली घालून उदगाव गाठायचं आणि शिरोळकडं वळायचं. वळलं की पुन्हा श्वास मोकळा होतो.

शिरोळ तालुका सायकलवर बघण्यासारखा आहे, कारण गाडीतून तो दिसतच नाही. गाडीतून दिसतो तो फक्त ऊस. सायकलवरून उसाच्या मधली वांगी दिसतात, काटेरी देठाची, कृष्णाकाठची, जी पुण्यात त्याच नावानं विकली जातात आणि इथल्या चवीच्या जवळही जात नाहीत. हरभरा दिसतो. त्याच्या पानांवरचं आंबट दव हाताला लागतं. मळ्यातली माणसं डहाळे उपटून सहज हातात देतात आणि "बसा की, च्या करायला सांगतो" म्हणतात. गळिताचा हंगाम असेल तर ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं दिसतात, बीडकडची माणसं, पहाटेपासून कोयत्यांचा सपसप आवाज, आणि तोडीतून पडलेलं हिरवं वाडं जनावरांसाठी डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायका. आणि मधेच, अगदी काळ्याभोर रानाच्या शेजारी, पांढरट पडलेली जमीन दिसते. मीठ शिंपडल्यागत वरची कातडी फुटलेली, तिच्यावर वेड्या बाभळी आणि खरखरीत गवत. पाणी भरमसाट दिलं, खतं भरमसाट टाकली, जुने ओढे-नाले बुजवून रानं मोठी केली, आणि खाली मुरलेल्या पाण्याला निघायला वाट राहिली नाही. क्षार वर आले. आता जमिनीखाली भोकांच्या पाइपा घालून तेच पाणी काढून द्यायचं काम या भागात चाललंय. बऱ्याच ठिकाणी त्यानं रान परत आलंही आहे, पण खर्च मोठा आहे. एका मळ्यात एक म्हातारे मला हात करून सांगत होते, "हितनं लवण जायाचं. आमच्या वडलांनी ते मुजवलं." मला तिथं लवण, म्हणजे पाणी वाहून जायची सखल वाट, काही दिसलं नाही. त्यांना मात्र अजून दिसत होतं.

नरसोबाच्या वाडीला मी दुपारी पोचते. इथं देवळाला कळस नाही. पायऱ्या उतरत खाली जायचं, औदुंबराखाली पादुका, आणि समोर लगेच नदी. पंचगंगा इथं कृष्णेला मिळते. पावसाळ्यात कृष्णा चढलेली असली की पंचगंगेला पुढं सरकता येत नाही, तिचं पाणी मागं फुगत जातं. फूग धरली म्हणतात इथं. मग पाणी पायऱ्या चढू लागतं आणि एक वेळ अशी येते की ते उत्तरेच्या दारातून गाभाऱ्यात शिरून, पादुकांवरून वाहून, दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. लोक त्या दारात स्नानाला धावतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वरच्या नारायणस्वामींच्या मंदिरात नेतात. पाणी किती आलं म्हणजे सोहळा, किती आलं म्हणजे देव हलवायचा, किती आलं म्हणजे दुकानं हलवायची, हे इथल्या पुजाऱ्यांना आणि पेढेवाल्यांना पायरीगणिक ठाऊक असतं. लहानपणी आई मला त्या गर्दीत घेऊन गेली होती. गुडघ्याएवढं थंड पाणी, पायाखाली घसरती फरशी, वरून धार, आणि सगळ्यांच्या तोंडी दिगंबरा दिगंबरा. भीती आणि आनंद एकाच वेळी वाटायला मी त्या दिवशी शिकले असेन. हिवाळ्यात मात्र घाट कोरडा, पायऱ्या उन्हानं तापलेल्या. द्रोणात बासुंदी घेऊन मी सर्वांत वरच्या पायरीवर बसते आणि नदी किती खाली आहे ते बघते.

पूल ओलांडला की कुरुंदवाड. पटवर्धनांचं छोटं संस्थान, नदीवर देखणा घाट, संताजी घोरपड्यांची समाधी. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे इथल्या संस्थानिकांच्या पागेवर होते आणि 1880 मध्ये त्यांनी मुंबईत सर्कस उभी केली. या काठावरची मोकळी, मऊ रानं बघितली की घोड्यांना शिकवायला दुसरी जागा शोधायची गरज नव्हती हे पटतं.

पण त्या सकाळनंतर मी या सगळ्या वाटेवर एकच गोष्ट शोधू लागले. गाव जवळ आलं की पायडल मारायचं क्षणभर थांबवायचं आणि सायकल कुठं मंदावते ते बघायचं. प्रत्येक गावाला चढ आहे. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण शंभर मीटरात दीड-दोन मीटर उंची वाढली तर रस्ता आपल्याला सपाटच वाटतो. मांड्यांना कळतं, दमाला कळतं, चेनच्या आवाजात फरक पडतो. आधी रानं, मग कुठं तरी तो ताण, मग वेशीची कमान किंवा मारुती, मग चावडी, जुने वाडे, आणि गल्ल्या पुन्हा पलीकडं उतरत जाणाऱ्या. गावं पांढरीवर आणि शेती काळीत, हे शाळेत वाचलं होतं. पांढरी म्हणजे नुसती पांढरी माती असं वाटायचं. इथं कळलं की ती उंचावरची माती आहे. शेकडो वर्षं माणसं एकाच टेकाडावर राहिली, भिंती पडल्या, त्यावर नव्या बांधल्या, राख, शेण, खापरं साठत गेली आणि टेकाड हातभर, दोन हात, पुरुषभर वाढलं. नदीला जवळ राहायचं, तिच्या मळीच्या रानात वांगी पिकवायची, आणि निजायला मात्र तिच्या हाताला लागणार नाही एवढ्या उंचीवर जायचं. ती उंची नेमकी किती ते त्यांना कुठल्या खांबावर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला मी त्याच गावात त्याच चहाच्या टपरीवर थांबले. टपरीवरच्या मावशींना पिंपळाचं विचारलं. त्या कप विसळत होत्या. म्हणाल्या, "पाचच्या पुरात त्या पिपळाच्या बुडाला पाणी लागलं आन थांबलं. आमी बघत हुबा ऱ्हायलोवतो रातभर, बॅटऱ्या मारत."

म्हणजे काका जिथं सायकलवर पुन्हा बसतात तिथंच 2005 चं पाणी थांबलं होतं.

मी पुढचं विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "एकुणीसला न्हाई थांबलं." मग त्या गप्प झाल्या. टपरीच्या मागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, विटकरी रंगाची एक आडवी रेघ होती आणि तिच्या शेजारी वर्ष लिहिलेलं होतं. 2005 ला आयर्विनला 53 फुटांच्या पुढं पाणी होतं. 2019 ला ते 57 च्या पुढं गेलं. या दोन आकड्यांत चार फूट अंतर आहे. त्या चार फुटांत पांढऱ्या बुडाल्या, ज्या कधी बुडाल्या नव्हत्या. पुरातल्या माणसांना घेऊन निघालेली ब्रह्मनाळची बोट बुडाली. माझ्या भावाच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यावर आठव्या पायरीपर्यंत पाणी होतं, आणि ओसरल्यावर जो वास घरात राहिला, तो गाळाचा, सडलेल्या धान्याचा, डिझेलचा आणि ओल्या पुस्तकांचा मिळून झालेला वास, तो आईला शेवटपर्यंत येत राहिला. आम्हाला येत नव्हता तेव्हाही. 2021 ला पुन्हा 54 च्या पुढं. तोवर लोकांनी फ्रिज टेबलावर ठेवायला सुरुवात केली होती.

जुन्यांचं शहाणपण पुरलं नाही, असं यावर कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. त्यांनी जी उंची धरली ती त्यांच्या नदीसाठी होती. त्यांच्या नदीच्या काठावर इतके भराव नव्हते. आज सायकलवर या भागातून जाताना मोठे रस्ते चटकन ओळखू येतात, कारण त्यांच्यावर चढायला खरोखरचा, डोळ्यांना दिसणारा चढ लागतो. मुरुमाच्या भरावावर उचललेले महामार्ग आणि पुलांचे जोडरस्ते रानाच्या वर पुरुष-दोन पुरुष उंच आहेत. पाऊस आला की ते बांध होतात. भराव घालू नका, कमानींचा पूल करा, पाण्याला जायला वाट ठेवा, ही मागणी घेऊन इथले शेतकरी कितीदा रस्त्यावर बसले. आणि गावांची वाढ झाली ती पांढरीवरून खाली, रस्त्याच्या कडेनं. पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, बंगल्यांच्या रांगा, इंग्रजी माध्यमाची शाळा, सगळं त्या उताराच्या खालच्या अंगाला. गाडीतून येणाऱ्याला तिथं उतार आहे हे कळणार कसं? गिअरसुद्धा बदलावा लागत नाही.

या काठावर आता सगळे मीटरमध्ये बोलतात. नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.60 मीटर आहे, कर्नाटकाला ती 524.256 करायची आहे, हे आकडे मला कट्ट्यावर बसलेल्या माणसांनी दशांश चिन्हासकट सांगितले आहेत. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. कट्ट्यावरच्या माणसांना ते मान्य नाही. त्यांची शंका मी फेटाळू शकत नाही. ज्यांच्या दारात पाणी दिवसेंदिवस उभं राहिलं, हललंच नाही, त्यांना खाली कुठं तरी कुणीतरी बूच मारलंय असं वाटणारच. पण वर, आपल्याच काठावर आपण काय काय उंच केलं आणि काय काय बुजवलं, याची मोजणी त्याच आवेशानं होताना मी ऐकलेली नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती मोजणी अवघड नाही. त्यासाठी भरलेले कॅन घेऊन रोज त्याच वाटेनं जाणारी माणसं आहेत. त्यांना कुणी विचारत नाही.

कुरुंदवाडच्या पुढं अकिवाट, मग सैनिक टाकळी, जिथं फौजेत गेलेल्या माणसाशिवाय घर सापडायचं नाही, आणि राजापूरचा बंधारा. हिवाळ्यात त्याला पाणी अडवायचे बरगे घातलेले असतात आणि मागं पाणी तुंबून आरशासारखं स्वच्छ पसरलेलं असतं. बगळे, पाणकावळे, एखादा खंड्या. बंधाऱ्याच्या खाली नदी उथळ, खडकांतून खळखळणारी. तिथून थोडंच खिद्रापूर. पलीकडच्या काठावर कर्नाटक. इथल्या टपऱ्यांवर एक वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं.

कोपेश्वराच्या देवळात मी पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीबरोबर, आणि तेव्हा फक्त हत्ती मोजल्याचं आठवतं. आता मी स्वर्गमंडपात जाऊन नुसती बसते. 48 खांब, आणि मधोमध छतच नाही, आकाशाचा एक गोल तुकडा. त्याच्या बरोबर खाली जमिनीत तेवढीच गोल शिळा. सकाळी ऊन तिरपं आत येतं आणि खांबांच्या कातलेल्या कडा एकेक करून उजळतात. दगडाला हात लावला की तो थंड आणि तुळतुळीत लागतो. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. दक्षिणेच्या दारापाशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. एवढं जड देऊळ, हत्तींच्या पाठीवर तोललेलं, आणि ते नदीच्या या वळणावर, चारही बाजूंना मऊ मातीचं रान असताना उभं केलं. 2019 ला पाणी इथंही आत आलं. मी त्या मंडपात बसते तेव्हा ते आठवून पोटात कालवतं आणि तरी वर बघितल्यावर मन हलकं होतं. दोन्ही खरं आहे. मला त्यातलं एक निवडता आलेलं नाही.

देवळाबाहेर एक आजी बोरं आणि पेरू घेऊन बसतात. त्यांना मी विचारलं होतं, पूर आला की तुम्ही कुठं जाता? "माळावर. सरकारनं जागा दिलीया, पत्रं हायत." मग तिकडंच का राहत नाही? त्यांनी पेरू कापून तिखट-मीठ लावून माझ्या हातात दिला. "खाऊन बघा. माळावर हे येतंय व्हय?" पेरू गोड होता, आणि त्यांनी मला उत्तर दिलं होतं. पूर जो गाळ आणून टाकतो त्यावरच हे सगळं पिकतं. या रानाची काळी माती कधी ना कधी नदीनंच इथं आणून ठेवली आहे. नदी सोडून माळावर जा, असं सांगणारे आम्ही पुण्याच्या डोंगरउतारावर राहतो आणि मंडईत कृष्णाकाठची वांगी मागतो.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. सांगलीत त्यानं प्लॉट बघितलाय, बायपासच्या अलीकडं, भाव बरा आहे, एजंट म्हणतोय इथं पाणी येत नाही, एकदम लेव्हलमध्ये जागा आहे. सोमवारी विसार द्यायचा आहे. मी म्हटलं, सोमवारी देऊ नकोस. रविवारी मी येते, आपण दोघं आयर्विनपासून तिथवर सायकलनं जाऊ, आणि वाटेतल्या प्रत्येक जुन्या घरात विचारू. "आत्या, गाडीनं दहा मिनिटं लागतात," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच. त्यानं जरा वेळ घेतला आणि मग विचारलं, सायकल आणू कुठून. मी भावाला सांगून शेजारच्यांची एक मागून ठेवली आहे. कॅरिअर आहे का तेवढं विचारायचं राहिलंय. नसेल तर बसवून घ्यावं लागेल, कारण जाताना मी त्याला मागं भरलेले पाण्याचे कॅन बांधायला लावणार आहे.